गाउदीची उलटी साखळी आपल्या विटेत कशी उतरवायची?

चिरेबंदी
अँतोनी गाउदी या स्पेनच्या वास्तुविशारदाचा विषय निघाला की आपल्याकडं दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणजे बार्सिलोनाचं ते अजून चालूच असलेलं चर्च, आणि दुसरी फरशीचे रंगीत तुकडे. मग कुणीतरी सरळ आरसीसी स्लॅबला पीओपीची लाट चिकटवतो आणि 'निसर्गप्रेरित एलिव्हेशन' म्हणून बिलात लावतो. १० जून २०२६ ही गाउदीच्या मृत्यूची शताब्दी. त्या निमित्तानं त्याच्या कामातलं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात खरंच काय वापरता येतं ते मापासकट लिहूया. फोटो नकोत, आकडे टाका.

सुरुवात मी करतो. जन्म १८५२, तांब्याची भांडी घडवणाऱ्याच्या घरात. सपाट पत्रा ठोकून त्याचा पोकळ आकार होताना लहानपणापासून बघितलेला. सग्रादा फामिलिया, म्हणजे बार्सिलोनाच्या त्या चर्चचं काम १८८२ ला दुसऱ्या वास्तुविशारदानं सुरू केलं होतं, ते १८८३ ला याच्याकडं आलं आणि मरेपर्यंत याच्याकडंच राहिलं. निसर्गाकडून त्यानं जे घेतलं ते पानाफुलांच्या नक्षीपुरतं नव्हतं. वजन जमिनीपर्यंत कुठल्या वाटेनं उतरतं ते त्यानं शोधलं आणि त्याच वाटेवर दगड ठेवला. चर्चच्या आतले खांब वर जाऊन फांद्यांसारखे फुटतात ते यासाठीच. छताचं वजन तिरकं येतं म्हणून फांदीही तिरकी. दगडसुद्धा भार बघून निवडलेला: सगळ्यात जास्त वजन येतं तिथं पॉर्फिरी हा फार टणक दगड, त्याखालोखाल बेसाल्ट, मग ग्रॅनाइट, आणि हलक्या भाराला वालुकाश्म. आपल्याकडं काळा दगड, खानापूरकडचा जांभा आणि गोकाकचा वालुकाश्म हे तिन्ही एकाच जिल्ह्यात मिळतात. तरी घर बांधताना जो ट्रक आधी येईल तो दगड, असा कारभार असतो.

ओळंबा
साखळीचं मी लिहितो, मूळ तेच आहे.

दोन खिळ्यांना साखळी लोंबकळत सोडली की तिच्या प्रत्येक कडीत फक्त ताण असतो, वाक नसतो. तो आकार तसाच उलटा करून विटेत बांधला की प्रत्येक विटेवर फक्त दाब येतो. विटेला दाब झेपतो, ताण झेपत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं हे १६७५ मध्येच लिहून ठेवलं होतं. गाउदीनं त्याच तत्त्वावर आख्खी इमारत लोंबकळवली. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल या वसाहतीतल्या चर्चसाठी त्यानं दोऱ्या आणि शिशाचे छर्रे भरलेल्या छोट्या पिशव्या यांचं एकास दहा मापाचं मॉडेल केलं. पिशवीचं वजन खऱ्याच्या दहा हजारावा भाग. त्याचे फोटो काढायचे, उलटे धरायचे आणि त्यावर रंगानं इमारत रंगवायची. त्या चर्चचं फक्त तळघर बांधून झालं, काम १९१४ ला थांबलं.

दहा हजार या आकड्यात काही जादू नाही. सगळी वजनं एकाच प्रमाणात कमी-जास्त केली तर साखळीचा आकार बदलत नाही. आकार ठरतो तो एकमेकांच्या तुलनेत कुठं किती वजन आहे यावर. म्हणून घरच्या मॉडेलला शिसं लागत नाही, लोखंडी वॉशर चालतात.

मलप्रभाकाठ
शेतातल्या घराच्या फाटकाला कमान करायची आहे. आतून साधारण ७ फूट रुंद, ९ इंच जाड, १४ इंच खोल. माप मिळेल काय? गवंडी अर्धगोलच करूया म्हणतोय.

ओळंबा
मिळेल. दोन्ही पायांच्या मध्यरेषांमधलं अंतर २.४ मीटर आणि मध्यरेषेची उंची २.१ मीटर धरतो. याला साखळी लागेल ५.१४ मीटर. माथ्यापासून खाली किती उतरायचं ते असं: मधल्या रेषेपासून २० सेंमीवर ४ सेंमी, ४० वर १६, ६० वर ३८, ८० वर ७४, १०० वर १२९, आणि १२० वर, म्हणजे पायाशी, २१०. हे बिंदू प्लायवर मारून लवचिक पट्टीनं जोडले की आकार मिळाला. तरी साखळी एकदा लोंबकळवून बघाच. आकडा चुकला तर लगेच दिसतो.

साखळी बारीक कड्यांची, लोखंडी किंवा पितळी घ्या. सुतळी नको. तिला स्वतःचा ताठरपणा असतो आणि वजन नसतं, त्यामुळं ती पीळ घेऊन भलताच आकार दाखवते. दोन्ही खिळे लेव्हल ट्यूबनं एका पातळीत घ्या.

आता सगळ्यात जास्त होणारी गडबड. साखळीचा आकार ही कमानीच्या जाडीची मध्यरेषा आहे, आतली कड नाही. ९ इंची कमान असेल तर सेंट्रिंगचा फर्मा (कमान बांधताना खालून आधार देणारा साचा) या रेषेपासून साडेअकरा सेंमी आत हवा, आणि ते साडेअकरा रेषेला काटकोनात मोजायचे. सरळ खाली मोजले तर पायाजवळ कमान बारीक होते. तिथं उतार जवळपास ७८ अंशांचा असतो.

निपाणीचा गवंडी
अर्धगोल म्हणणाऱ्याला नावं ठेवू नका अण्णा. गवंडी अर्धगोल मागतो कारण एक खिळा आणि एक दोरी एवढ्यावर फर्मा निघतो. या कमानीला प्रत्येक इंचाला गोलाई वेगळी. आणि तुमच्या मापात एक भानगड आहे बघा. माथ्याला गोलाई फारच आवळलेली आहे.

ओळंबा
बरोबर पकडलंत. माथ्याला मध्यरेषेची त्रिज्या फक्त ५२ सेंमी येते. म्हणजे आतली कड ४१ आणि बाहेरची ६४. ३ इंची वीट आतून ८ मिमी सांध्यानं बसवली तर बाहेरच्या बाजूला सांधा साडेपाच सेंमीपर्यंत उघडतो. तेवढी जागा मालानं भरली की माल आकसतो आणि वाळल्यावर वीट हलते. माथ्यावरच चिरा दिसतात त्याचं एक कारण हे.

उपाय असा: मधल्या १.२ मीटर रुंदीत, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ६० सेंमीपर्यंत, विटा पाचरीसारख्या कापून घ्यायच्या. खालच्या टोकाला २ ते २.५ सेंमी कमी, ग्राइंडरला डायमंड पातं लावून. एका थरात ३ विटा, असे साधारण १७ थर, म्हणजे ५० च्या आसपास विटा कापायच्या. पुढं खाली त्रिज्या झपाट्यानं वाढते, ६० सेंमीवरच दीड मीटरच्या वर जाते. तिथं अख्खी वीट चालते, सांधा बाहेरून २ सेंमीच्या आसपास. आख्ख्या कमानीला ६० थर, १८० विटा. तूटफूट धरून २०० मागवा.

कापायचा कंटाळा असेल तर उंची कमी करा. २.१ च्या जागी दीड मीटर केली तर माथ्याची त्रिज्या ६४ सेंमी होते, थोडा आराम मिळतो. पण मग पाय बाहेर ढकलायचा जोर वाढतो.

मलप्रभाकाठ
किती वाढतो? ती जमीन काळी आहे.

काळी माती
इथं थांबा. काळ्या मातीत कमान म्हटली की आधी पाया, नंतर साखळी.

आधी जोर किती ते बघा. ९ बाय १४ इंचाच्या विटकामाचं वजन दर मीटरला अंदाजे १५५ किलो. वर दिलेल्या २.१ मीटर उंच कमानीत प्रत्येक पायावर उभं वजन ४०० किलो, आणि पाय बाहेर ढकलणारा आडवा जोर फक्त ८० किलोच्या आसपास. तीच रुंदी ठेवून कमान ४० सेंमी उंचीची चपटी केली तर आडवा जोर २९० किलोच्या आसपास जातो. साडेतीन पट. उंच साखळी-कमानीचा फायदा हाच. गाउदीनं चर्चच्या भिंतींना बाहेरून टेकू द्यायचं टाळलं तेही याच बळावर. गॉथिक चर्चच्या त्या बाहेरच्या टेकूंना तो कुबड्या म्हणायचा.

८० किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मार्च-एप्रिलला भेगाळते. दोन पाय वेगवेगळे हलले की साखळीचा हिशेब संपला. पाय १ सेंमी जरी फाकले तरी माथ्याला आतून भेग उघडते आणि दोन्ही खांद्यांना बाहेरून. असं दिसलं की समजायचं, पाया सरकलाय. वरून प्लास्टर मारून काही होत नाही.

म्हणून खोदाई मुरूम लागेपर्यंत. मुरूम फार खाली असेल तर निदान भेगा जातात त्याच्या खाली, बहुतेक ठिकाणी ४ ते ५ फूट. खड्ड्यात काळी माती परत टाकायची नाही. मुरूम ६-६ इंचांच्या थरात पाणी मारून धुमसायचा. आणि दोन्ही पायांना जमिनीखालून जोडणारी टाय बीम: ९ बाय ९ इंच, १२ मिमीच्या ४ सळया, ८ मिमीच्या रिंगा ६ इंचांवर. फाटकातून ट्रॅक्टर-ट्रॉली जाणार, तर बीमचा माथा रस्त्याखाली निदान एक फूट ठेवा. खानापूरच्या जांभ्याच्या जमिनीवर हा सगळा खर्च निम्म्यानं कमी होतो. अथणी, रायबाग, गोकाककडच्या काळीत मात्र सुटका नाही.

शहापुरी
कॅटेनरी आणि पॅराबोला एकच ना? सगळीकडं दोन्ही शब्द मिसळून वापरतात.

ओळंबा
दिसायला जवळचे, हिशेबात वेगळे. वजन कमानीच्या लांबीवर सारखं पसरलेलं असेल तर साखळीचा आकार, म्हणजे कॅटेनरी. आडव्या रुंदीवर सारखं असेल, जसं झुलत्या पुलाच्या रस्त्याचं, तर पॅराबोला. आपल्या मापात मध्यरेषेपासून ६० सेंमीवर साखळी ३८ सेंमी उतरते आणि पॅराबोला साडेबावन्न. काटकोनात मोजलं तर दोघांत ८ सेंमीचा फरक. ९ इंची कमानीची अर्धी जाडी साडेअकरा. म्हणजे पॅराबोला केलात तर कमान बहुतेक पडणार नाही, पण वजनाची रेघ कडेजवळ जाते आणि बारीक भेगा येतात. चपट्या कमानीत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. तिथं काहीही करा.

आणि कमानीवर भिंत चढवून माथा सपाट करणार असाल तर वरची मापं विसरा. मग भार सारखा राहत नाही, खांद्यांवर भिंत जास्त उंच म्हणून वजनही जास्त. अशा वेळी गाउदीच्या पिशव्या लागतात. भिंतीचं चित्र काढायचं, २० सेंमीच्या उभ्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीचं वजन काढायचं, आणि १० किलोला एक वॉशर असे साखळीला त्या त्या पट्टीच्या मधोमध अडकवायचे. साखळी खांद्यांना बाहेर फुगलेली दिसेल. तोच खरा आकार. लटकवल्यावर साखळी सरकते, म्हणून पट्ट्यांच्या जागा दोन-तीनदा नीट कराव्या लागतात.

निपाणीचा गवंडी
बांधायचं मी सांगतो. फर्म्याला १८ मिमी प्लायच्या दोन फाळ्या, मध्ये १२ इंच अंतर, वर २ बाय १ च्या पट्ट्या ठोकायच्या. खाली चारी बाजूंना जोडीजोडीनं लाकडी पाचरी. पाचरी विसरलात तर फर्मा काढताना हातोडा घालावा लागतो आणि कमान हादरते. विटा आदल्या दिवशीच भिजत टाका. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. माल सिमेंट, चुना, वाळू १:१:६ असा घ्या. नुसतं १:४ सिमेंट फार कडक होतं, कमान बसताना थोडी हलते तेव्हा सांधा तडकतो. दोन्ही बाजूंनी बरोबरीनं चढायचं, एका बाजूला तीनपेक्षा जास्त थर पुढं नकोत, नाहीतर फर्मा कलंडतो. माथ्याची शेवटची वीट घट्ट बसवायची, ठोकून नाही.

फर्मा ७ दिवसांनी पाचरी ढिल्या करून ५ मिमी खाली घ्यायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. कुठं सांधा उघडला नाही तर पूर्ण काढा. पावसाळ्यात हे काम धरूच नका. ताज्या सांध्यातला माल वाहून जातो आणि पाचरी फुगून आवळतात.

चिरेबंदी
गाउदीच्या काळात बार्सिलोनातले गवंडी बऱ्याच ठिकाणी फर्म्याशिवायच बांधायचे. तिथली जुनी पद्धत: पातळ भाजलेल्या फरशा, पहिला थर जिप्समनं चिकटवायचा. जिप्सम दोन-चार मिनिटांत धरतं, म्हणून फरशी हवेत टिकते. त्यावर सांधे मोडत दुसरा, तिसरा थर. कासा मिला या त्याच्या बार्सिलोनातल्या इमारतीच्या पोटमाळ्यावर अशा पातळ विटांच्या २७० कमानी आहेत, उंची प्रत्येक खोलीच्या रुंदीप्रमाणं वेगळी. खानापूरला कौलं-फरशांची भट्टी पूर्वीपासून आहे. कौलाखाली लावतात तसल्या सपाट सिलिंग टाइल वापरून हे करता येईल काय?

खानापूर टाइल
करता येईल, पण पहिल्या थराला जिप्सम किंवा पीओपी वापरू नका. आपल्या पावसात ते मऊ पडतं. त्याहून वाईट म्हणजे जिप्सम आणि सिमेंट ओलाव्यात एकमेकाला लागले की फुगतात आणि थर सुटतात. बार्सिलोनात पाऊस आपल्या निम्म्यानंसुद्धा नाही. कणकुंबी, जांबोटीकडं तर विचारच नको. आपल्याकडं हलका फर्मा लावून तिन्ही थर सिमेंट-चुन्याच्या मालात करा. १५ ते २० मिमीच्या टाइलचे तीन थर, मध्ये १० मिमी माल, एकूण साडेसहा ते ८ सेंमी. दुसरा थर पहिल्याला तिरका, ४५ अंशांत. टाइल पातळ म्हणून माथ्याला पाचरीच्या विटा कापायची भानगडच राहत नाही. आतल्या खोलीला, व्हरांड्याला ठीक. उघड्या फाटकाला एवढी पातळ कमान नको. ट्रॉलीचा एक धक्का पुरे.

विटेचं काम करणाऱ्यांनी पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूटच्या मातीच्या विटांच्या कमानी आणि घुमट जरूर बघावेत. साखळीचं गणित तिथं रोजच्या कामात आहे.

शहापुरी
आता फरशीच्या तुकड्यांवर येऊया? मी बागेतल्या कट्ट्याचं विचारतोय.

खानापूर टाइल
गाउदीच्या पार्क ग्वेल या बार्सिलोनातल्या बागेचा नागमोडी कट्टा सगळ्यांना माहीत असतो. त्यावरचं तुकड्यांचं बरंचसं काम गाउदीचा सहकारी जुजोल याचं. पण हे आपल्याला नवीन नाही. गच्चीवर विटेच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझेक, हे आपले गच्ची करणारे वर्षानुवर्षं करायलेत. पांढरा तुकडा ऊन परतवतो, पाणी खाली जाऊ देत नाही, गोलाईला चालतो आणि टाकाऊ मालात होतो. अहमदाबादला वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी स्वतःच्या 'संगत' या ऑफिसच्या कमानदार छतांवर हेच लावलं, आणि पुढं तिथल्याच 'अमदावाद नी गुफा' या कलादालनाच्या घुमटांवरही. दोशींचा जन्म पुण्याचा, २०१८ चं प्रित्झकर हे वास्तुकलेचं पारितोषिक त्यांना मिळालं. गाउदीचा वारसा आपल्याकडं कुठं दिसतो असं कुणी विचारलं तर मी आधी संगत दाखवीन.

कट्ट्याचं माप. तुकडा केवढा चालेल ते गोलाईवर. तुकड्याच्या रुंदीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, एवढी त्याची कड वर राहते. ३० सेंमी त्रिज्येच्या गोलाईवर ५ सेंमीचा तुकडा १ मिमी वर राहतो, घासून जातो. १० सेंमीचा तुकडा ४ मिमी वर राहतो, कपडा फाडतो. म्हणून कट्ट्याच्या कडेला ३ सेंमीचे, पाठीला ५ चे, आणि सपाट बैठकीवर मोठे.

चकाकणारी भिंतीची टाइल पाणी पिते. ती आधी भिजवली तर सिमेंटवर बसते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही म्हणून साध्या सिमेंटवर ती बसल्यासारखी दिसते आणि दोन उन्हाळ्यांत सुटते. तिला पॉलिमरवालं टाइल अॅडेसिव्हच लागतं. ६ मिमी थर धरला तर २० किलोच्या पिशवीत साधारण २५ चौरस फूट होतं. दोन्ही जातींचे तुकडे मिसळणार असाल तर सगळ्याला अॅडेसिव्हच लावा. खालचं काँक्रीट २८ दिवस झाल्याशिवाय सुरुवात नको. प्रत्येक तुकडा दाबून बसवा, मागं पोकळी राहिली की पाणी शिरतं आणि ठोकल्यावर पोकळ वाजतं. फटी ३ ते ५ मिमी. दर ८ ते १० फुटांवर एक आरपार सांधा सोडा आणि त्यात सीलंट भरा. तुकड्यांच्या नक्षीत तो लपतो, पण नसला तर स्वतःच उभा तडा देऊन जागा करून घेतो. शेवटी कार्बोरंडमचा दगड ओला करून सगळ्या कडा मारून घ्या. लहान मुलं बसणार असतील तर उघड्या हातानं नको, आधी जुन्या सुती कापडानं फिरवून बघा कुठं अडकतं ते.

बैठकीला चकाकी नसलेली टाइल घ्या. आपल्याकडं जून ते सप्टेंबर शेवाळ धरतंच, त्यावर चकचकीत टाइल म्हणजे घसरगुंडी.

काळी माती
पार्क ग्वेलमधलं खरं शहाणपण कट्ट्यात नाही, कट्ट्याखाली आहे. वरचं मैदान खडी-दगडाच्या थरांचं. पावसाचं पाणी त्यातून गाळून उतरतं, खालच्या ८६ खांबांच्या मंडपात खांबांच्या आतून खाली जातं आणि टाक्यात जमतं. टाकं १२०० घनमीटरचं.

आपला हिशेब करा. १००० चौरस फूट छप्पर, वर्षाला १२०० मिमी पाऊस, वाया जाणारं वजा करून ८० टक्के धरलं तरी ८९ हजार लिटर होतं. बेळगाव शहरात सरासरी साधारण एवढा पाऊस पडतो. तरी मे महिन्यात टँकर.

पण गाउदीचं बघून आरसीसी खांबाच्या आत पीव्हीसी पाइप घालू नका. आर्किटेक्ट लोक सुचवतात, छान दिसतं म्हणून. खांबाचं काँक्रीट तेवढं कमी होतं, एखादा सांधा गळला की पाणी थेट सळयांना लागतं, आणि पानं अडकली तर खांब फोडल्याशिवाय पाइप काढता येत नाही. पाइप खांबाला चिकटून बाहेर घ्या आणि वाटल्यास विटेत झाका, खाली सफाईचं झाकण ठेवून.

मलप्रभाकाठ
त्याच्या त्या छोट्या शाळेबद्दल कुणी लिहिलं नाही. लाटेसारखं छप्पर, ते कसं करतात?

चिरेबंदी
माझ्या मते त्याच्या सगळ्या कामांत आपल्याला सगळ्यात परवडणारं तेच. १९०९ मध्ये चर्चच्या आवारात कामगारांच्या आणि आसपासच्या मुलांसाठी बांधलं. छप्पर लाटेसारखं आहे, पण त्यातला एकही वासा वाकडा नाही. मधून एक सरळ तुळई, तिच्यावर आडवे सरळ वासे, आणि प्रत्येक वाशाची टोकं शेजारच्यापेक्षा थोडी वर किंवा थोडी खाली. एका बाजूला वर तर दुसऱ्या बाजूला खाली. सरळ काठ्यांतून लाट तयार. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदानं १९२८ ला ती बघून चित्र काढून नेलं.

आपल्याकडं ४० बाय ४० चे चौकोनी एमएस पाइप २ फुटांवर टाकून हे होतं. फक्त एक: पन्हळीचा पत्रा यावर बसत नाही, तो दोन दिशांना पीळ घेत नाही. पातळ फरशीचे थर किंवा जाळीवरचं फेरोसिमेंटच. आणि लाटेच्या प्रत्येक खळग्यात पाणी जमून एकाच जागी पडतं. त्या जागी खाली गटार किंवा दगडी कुंडी ठेवा, नाहीतर भिंतीचा पाया उघडा पडतो.

भिंतीही नागमोडी आहेत, म्हणून पातळ असूनही उभ्या राहतात. शेताच्या कंपाउंडला हे वापरा. १०० फूट लांब, ५ फूट उंच, ९ इंची सरळ भिंतीला साधारण ५००० विटा. तीच साडेचार इंची नागमोडी, १० फुटांची एक लाट आणि मध्यरेषेपासून दोन्हीकडं एक-एक फूट बाक, तर लांबी १० टक्के वाढूनही २७५० विटांत होते.

निपाणीचा गवंडी
हिशेब बरोबर, पण दोन गोष्टी सांगा लोकांना. एक, जागा अडीच फूट रुंद खाते. शहरातल्या प्लॉटला शेजारी भांडण काढतोय, बांधावर तर काढतोयच. दोन, पायाची चर पण नागमोडीच खोदावी लागते. पैसे वाचवायला सरळ चर काढून वर वाकडी भिंत घेतली तर भिंतीचे फुगवटे हवेत राहतात. आणि मजुरी सरळ भिंतीपेक्षा जास्त. ओळंबा दर दोन फुटांवर लावावा लागतो.

शहापुरी
बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छताला ते लोंबतं दगडी कमळ आहे, १२०४ चं. तेही निसर्गच की. मग गाउदीत एवढं नवल काय?

ओळंबा
कमल बस्तीचं कोरीवकाम कुणाच्याही तोडीचं आहे. पण तिथलं छत तुळया आणि एकावर एक पुढं काढलेल्या दगडांवर उभं आहे, कमळ हा त्यावरचा अलंकार. कमळ काढून टाकलं तरी छत राहील. गाउदीच्या खांबाची फांदी काढली तर वरचं छत खाली येईल. एवढाच फरक, आणि त्यात कुणाला कमी लेखायचं कारण नाही.

काळी माती
एक शंका तज्ज्ञांना. साखळी फक्त उभ्या वजनाचा हिशेब करते. भूकंपाचं काय? आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव झोन ३ मध्ये आहे.

ओळंबा
रास्त शंका. आडवा धक्का आला की वजनाची रेघ साखळीच्या आकारातून सरकते. ती विटेच्या जाडीच्या आत राहिली तर कमान टिकते. म्हणून जाडी हाच आपला विमा. वरच्या फाटकाला ९ इंच जाडी त्या दृष्टीनंच ठेवली, नुसत्या स्वतःच्या वजनाला साडेचार इंचही पुरली असती. खोलीवर, माणसं खाली झोपतात अशा जागी विटेचं कमानी छत करायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासून घ्या, पायाच्या पातळीला आणि कमान सुरू होते त्या पातळीला सलग बीम फिरवा. धाग्यातल्या मापांवर छत बांधू नका. फाटक बांधा.

शहापुरी
चर्च स्वतः किती त्याचं उरलंय? त्याच्यानंतर शंभर वर्षं दुसरेच बांधतात.

चिरेबंदी
तो असताना येशूजन्माच्या दर्शनी भागाचं बरंचसं काम झालं, आणि एकच मनोरा पुरा झालेला त्यानं बघितला, नोव्हेंबर १९२५ ला. ७ जून १९२६ ला ट्रामनं उडवलं, तीन दिवसांनी गेला. १९३६ च्या स्पेनमधल्या यादवीत कार्यशाळा जाळली, प्लास्टरची मॉडेलं फोडली. नंतरच्यांनी तुकडे जोडून आकार शोधले. ते शोधता आले कारण आकार मनचे नव्हते. सरळ रेषांनी तयार होणारे ठरावीक भौमितिक पृष्ठभाग होते, थोडा भाग मिळाला की बाकीचा गणितानं काढता यायचा. आज वर काँक्रीट आहे, दगड यंत्रानं कापतात, संगणक आहे. शुद्धतावाद्यांना ते आवडत नाही. मला विचाराल तर ज्यानं पद्धत मागं ठेवली त्याचं काम दुसऱ्यानं पुढं नेणं हेच बरोबर. मधला मनोरा १७२.५ मीटरचा ठरवलाय, मुद्दाम शेजारच्या माँजुइक टेकडीपेक्षा थोडा बुटका.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. पाया मुरुमापर्यंत घेतोय, साडेचार फुटांवर लागतोय असं खड्डा मारून दिसलं. माथा सपाट न करता कमान उघडीच ठेवायची ठरलं. वरून पाणी मुरू नये म्हणून पाठीवर काय करू?

खानापूर टाइल
पाठीवर १:४ चं वॉटरप्रूफ कंपाउंड घातलेलं १५ मिमी प्लास्टर, त्यावर तुकडे. माथ्याचा मधला दीड मीटर तरी झाकाच, उतार तिथंच कमी असतो आणि पाणी तिथंच थांबतं. बाजूंना वीट उघडी ठेवली तरी चालेल, फक्त सांधे खोबणीसारखे आत न ठेवता विटेला समपातळीत भरा. पायाशी जमिनीपासून एक फूट काळा दगड किंवा चिरा घ्या आणि मग वीट सुरू करा, पावसाचे शिंतोडे आणि ट्रॉलीचं चाक दोन्ही तिथंच लागतात. फाटक हलकं असेल तर त्याच्या बिजागरीसाठी दोन बोल्ट पाय बांधतानाच घाला. नंतर ड्रिल मारलं की वीट फुटते. आणि जड लोखंडी फाटक कमानीला टांगूच नका. त्याला आत स्वतंत्र दोन खांब द्या, कमानीपासून २ इंच सुटे.